दोन दीर्घिकासमूहांच्या मधे काय असतं? क्ष-किरण दुर्बिणी आणि तापलेला वायू

उल्का_करवीर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आपल्या इथे ग्रहणं, धूमकेतू, पन्हाळ्यावरची रात्रीची निरीक्षणं यावर भरपूर लिहिलं जातं. आज जरा लांबचा विषय घेते. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि हा विषय बरीच वर्षं मनात घर करून आहे.

ज्या अणूंची आपली हाडं, पंचगंगेचं पाणी आणि सूर्य बनलाय, ते साधं द्रव्य मोजायला बसलं तर ताऱ्यांच्या वाट्याला दहा टक्केसुद्धा येत नाही. उरलेलं बहुतेक सगळं वायूच्या रूपात आहे, आणि त्यातला मोठा भाग इतका तापलेला आहे की साध्या दुर्बिणीला तो दिसतच नाही. आकाश म्हणजे तारे, अशी आपली लहानपणापासूनची समजूत असते. हिशोब मात्र वायूच्या बाजूने झुकतो.

आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडो-हजारो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधल्या गेल्या की त्याला दीर्घिकासमूह म्हणतात. अशा समूहाच्या एकूण वस्तुमानात तारे जेमतेम काही टक्के, तापलेला वायू १२ ते १५ टक्के आणि बाकीचं सगळं कृष्णद्रव्य, म्हणजे कुठल्याच प्रकाशात न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य. वायूचं तापमान १ कोटी ते १० कोटी अंश. एवढी उष्णता कुठून आली? समूहाच्या गुरुत्वाकर्षणात वायू आत कोसळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात जातो. तिथे तो आधीच्या वायूवर आदळतो आणि सगळी गती उष्णतेत बदलते. इतक्या तापलेल्या वायूत इलेक्ट्रॉन सुटे फिरतात, आणि अणुकेंद्राजवळून जाताना त्यांचा मार्ग वाकला की क्ष-किरण बाहेर पडतात.

हे क्ष-किरण आपल्या वातावरणातून खाली येत नाहीत. त्यामुळे पन्हाळा काय किंवा हिमालय काय, डोंगरावर चढून उपयोग नाही, दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. १२ डिसेंबर १९७० ला केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या तळावरून ‘उहुरू’ हा उपग्रह सुटला आणि त्याने दाखवलं की समूहांमधून येणारे क्ष-किरण एका ठिपक्यातून येत नाहीत, अख्ख्या समूहभर पसरलेले असतात. तिथून हा अभ्यास खरा सुरू झाला.

समूहांच्या आतला वायू आता बराच ओळखीचा झालाय. माझी ओढ आहे ती एका समूहाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वायूच्या लांबच लांब तंतूंकडे. १९९९ च्या सुमारास संगणकावरच्या गणितांनी सांगितलं होतं की विश्वातलं ३० ते ४० टक्के साधं द्रव्य अशा तंतूंत असावं. गणित झालं, पण तंतू काही दिसेना. आता ते दिसू लागलेत. त्याबद्दल विचारा, मला जमेल तसं सांगते.

शिरोली_फाउंड्री

ताई, धागा लई भारी. मी फाउंड्रीत मेल्टिंगला आहे. आमच्याकडं कास्ट आयर्न ओततात ते १४०० अंशाच्या आसपास, आणि त्या लॅडलजवळ पाच मिनिटं उभं राहवत नाही. तुम्ही १० कोटी अंश म्हणतासा. मग त्या वायूत असलेल्या दीर्घिका वितळून, जळून कशा जात नाहीत?

उल्का_करवीर

दादा, उत्तर तुमच्या फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या शेडमध्येच आहे. ग्राइंडर मारताना ठिणग्या उडतात, त्या हजार अंशांच्या वर असतात. हातावर पडल्या तर चटका बसतो न बसतो तोच विझतात. लॅडलमधला रस तेवढ्याच तापमानाचा असला तरी त्याच्या जवळ जायचं नाही. फरक द्रव्य किती आहे त्याचा. तापमान म्हणजे एकेक कण किती वेगात धावतोय. उष्णता किती मिळणार हे कणांच्या संख्येवर ठरतं.

आपल्या एका घनमीटर हवेत २५ वर २४ शून्यं इतके रेणू असतात. समूहातल्या वायूत एका घनमीटरला हजारभर कण. समूहांच्या मधल्या तंतूत तर दहाच्या आसपास. एवढ्या विरळ वायूने तारा किंवा ग्रह तापत नाही. पण हाच विरळ वायू कोट्यवधी प्रकाशवर्षं पसरलेला असतो, म्हणून सगळा मिळून त्याचं वजन समूहातल्या सगळ्या ताऱ्यांच्या कितीतरी पट भरतं.

शिरोली_फाउंड्री

हे पटलं. पण तापमान मोजतात कसं? तिथं थर्मोकपल तर बुडवता येत नाही.

उल्का_करवीर

वर्णपटावरून. वायू जितका तापलेला, तितके जास्त ऊर्जेचे क्ष-किरण. कमी ऊर्जेचे किती आणि जास्त ऊर्जेचे किती हे मोजलं की तापमान मिळतं. शिवाय मूलद्रव्यांच्या रेषा असतात. तुम्ही स्पेक्ट्रोवर काय करता ते इथे सगळ्यांना सांगाल का? पुढचं मला त्यावरूनच सांगायचंय.

शिरोली_फाउंड्री

सांगतो की. मेल्ट तयार झाला की चमच्यानं थोडा रस काढून तांब्याच्या साच्यात ओततो. त्याची रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी पांढरी चकती होते. ती गार करून घासून सपाट करायची आणि मशीनवर ठेवायची. वीज कडाडल्यासारखी ठिणगी पडते, चकतीवर काळा डाग उठतो, आणि त्या ठिणगीच्या प्रकाशावरून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक किती ते पडद्यावर येतं. आकडा बसला नाही तर भट्टीत माल टाकून दुरुस्त करायचा, मगच ओतायचं. चकती नीट घासली नाही तर आकडा खोटा येतो.

उल्का_करवीर

आभारी आहे दादा. हेच भौतिकशास्त्र २४ कोटी प्रकाशवर्षांवरच्या ययाती समूहाला लावलं गेलंय. १९७६ मध्ये ‘एरियल ५’ या ब्रिटिश उपग्रहाने ययाती समूहाच्या वर्णपटात लोखंडाची रेषा पकडली. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. तिथल्या उष्णतेत त्यातले २४ गळून पडतात, दोनच उरतात, आणि त्या उरलेल्या दोनांपैकी एक जागा बदलतो तेव्हा ६.७ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा क्ष-किरण सुटतो. लोखंड ताऱ्यांच्या आत आणि स्फोटांत तयार होतं, दुसरीकडे कुठे नाही. म्हणजे हा वायू विश्वाच्या आरंभापासून जसाच्या तसा पडून राहिलेला नाही, ताऱ्यांच्या पोटातून निघालेलं द्रव्य त्यात मिसळलंय.

पुढे २०१३ मध्ये ‘सुझाकू’ या जपानी दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दिसलं की ययाती समूहात मधल्या भागापासून दूर, थेट कडेपर्यंत लोखंडाचं प्रमाण जवळपास सारखंच आहे, सूर्यातल्या प्रमाणाच्या साधारण एक तृतीयांश. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. समूह बनल्यावर एकेका दीर्घिकेतून लोखंड गळत राहिलं असतं तर कुठे जास्त, कुठे कमी सापडलं असतं. सगळीकडे सारखं आहे, याचा अर्थ ते समूह बनण्याच्या आधीच, १००० कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, वायूत ढवळलं गेलं होतं. शिरोलीच्या भट्टीतलं लोखंड आणि ययातीतलं लोखंड एकाच प्रकारच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून आलेलं आहे.

शिरोली_फाउंड्री

उद्या शिफ्टला सगळ्यांना सांगणार.

तिसरा_सप्तक

मी गाण्यातला माणूस, देवल क्लबच्या मैफिलींना नेमाने जाणारा. ययाती समूहात आवाज सापडला असं कुठेतरी ऐकलं होतं. अवकाशात आवाज नसतो असं शाळेत शिकवलं. मग खरं काय?

उल्का_करवीर

निर्वात जागेत आवाज जात नाही हे बरोबरच आहे. पण समूहाच्या आत वायू आहे, विरळ असला तरी आहे, आणि वायूत दाबाची लाट जाऊ शकते. ययाती समूहाच्या मध्यभागी एनजीसी १२७५ नावाची दीर्घिका आहे. तिच्या कृष्णविवरातून निघणारे झोत आजूबाजूच्या वायूत प्रचंड पोकळ्या करतात. २००३ मध्ये केंब्रिजच्या अँड्र्यू फेबियन यांच्या गटाने ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रात त्या पोकळ्यांच्या बाहेर एकामागोमाग पसरत गेलेले तरंग दाखवले. एक आंदोलन पुरं व्हायला सुमारे १ कोटी वर्षं. तो स्वर पेटीवरच्या काळी पाचचा, पण मधल्या सप्तकाच्या ५७ सप्तकं खाली. २०२२ मध्ये नासाने तो वर उचलून कानाला ऐकू येईल असा करून दिला.

त्या लाटांचं कामही मोठं आहे. समूहाच्या मधला वायू दाट असतो, म्हणून त्याची ऊर्जा भराभर क्ष-किरणांत निघून जाते. या हिशोबाने तो केव्हाच थंड होऊन त्याचे तारे बनायला हवे होते. २००१ च्या सुमारास ‘एक्सएमएम-न्यूटन’ या युरोपच्या क्ष-किरण दुर्बिणीने बारकाईने वर्णपट घेतले तर अपेक्षेइतका थंड वायू तिथे नाहीच. कुणीतरी तो सतत तापवत ठेवतंय. आज बहुतेक अभ्यासक बोट दाखवतात ते मधल्या कृष्णविवराकडे. त्याच्या झोतांनी उठलेल्या पोकळ्या, लाटा आणि खळबळ यांतून उष्णता परत वायूत जाते. यातला कोणाचा वाटा किती, यावर अजून घासाघीस चालू आहे.

तिसरा_सप्तक

५७ सप्तकं! आमच्या खर्जाच्या रियाजाला तीन सप्तकांत घाम फुटतो. फार सुंदर सांगितलंत ताई.

पुणेकर_मूळचा_कसबा_बावडा

थोडी भर घालतो. या विषयात महाराष्ट्राचं काम मोठं आहे. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या संशोधकांनी मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर ‘सरस्वती’ हा महासमूह, म्हणजे समूहांचा समूह, शोधला. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० तबकड्या. समूह एकमेकांवर आदळतात तेव्हा वायूत उठणाऱ्या धक्कालाटांवर इलेक्ट्रॉन वेग घेतात, त्यांचं रेडिओ प्रारण तिथून टिपलं जातं. क्ष-किरणांत वायू दिसतो, रेडिओत धक्का दिसतो, दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली की टकरीचा इतिहास उलगडतो.

आणि आयुका ज्यांनी १९८८ मध्ये उभी केली ते जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मले, १९ जुलै १९३८. गेल्या वर्षी, २० मे २०२५ ला ते गेले. त्यांच्या गावच्या लोकांनी विश्वाच्या रचनेवर मराठीत बोलावं, यापेक्षा चांगली आठवण ती कोणती?

उल्का_करवीर

मनापासून सहमत. आम्ही कितीतरी जण त्यांचं वाचून या विषयाकडे वळलो.

रंकाळा_वारा

एक शंका. हा दिसत नसलेला वायू म्हणजेच कृष्णद्रव्य का? दोन्हीबद्दल ‘हरवलेलं द्रव्य’ असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे गोंधळ होतो.

उल्का_करवीर

नाही, दोन्ही वेगळी. वायू साध्या अणूंचा आहे आणि क्ष-किरणांत दिसतो. कृष्णद्रव्य कुठल्याच प्रकाशात दिसत नाही. नौकातल तारकासमूहाच्या दिशेला ‘बुलेट क्लस्टर’ आहे. तिथे दोन समूह एकमेकांतून आरपार गेलेत. जाताना दोघांचा वायू एकमेकांत अडकून मागे राहिला, हे ‘चंद्रा’ दुर्बिणीच्या चित्रात स्वच्छ दिसतं. गुरुत्वाकर्षणामुळे मागच्या दीर्घिकांच्या प्रतिमा कशा वाकतात यावरून वस्तुमान मोजलं, तर ते वायूजवळ नाहीच, दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेलंय. हा निकाल २००६ चा.

शास्त्रीनगर_७

माझा स्वभाव शंकेखोर आहे, राग मानू नका. आकाशात क्ष-किरणांचे इतके स्रोत आहेत. दहा कण प्रति घनमीटर एवढ्या वायूची चमक किती असणार? ती तंतूचीच, हे छातीठोक कसं सांगता येतं? दोन ठिपक्यांमधे पुसट पट्टा दिसला की माणसाला रेघ दिसायला लागते.

उल्का_करवीर

राग कसला, याच प्रश्नासाठी मी धागा काढला. या अभ्यासातली खरी मेहनत वजाबाकीत आहे. दुर्बिणीत येणाऱ्या क्ष-किरणांत तंतूचा वाटा सगळ्यात लहान. आधी बाकीचे ओळखून बाजूला काढावे लागतात.

अगदी जवळून सुरुवात करा. सौरवाऱ्यातले विद्युतभारित कण पृथ्वीभोवतीच्या आणि सूर्यमालेतल्या साध्या अणूंवर आदळले की क्ष-किरण निघतात. १९९६ मध्ये ‘रोसॅट’ या क्ष-किरण उपग्रहाने हयाकुताके धूमकेतू क्ष-किरणांत चमकताना पकडला. बर्फाळ धूमकेतू आणि क्ष-किरण, कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि कारण हेच निघालं. ही चमक सौरवाऱ्याबरोबर कमीजास्त होते, म्हणून एकाच जागेचं निरीक्षण दोन वेगळ्या दिवशी वेगळं येऊ शकतं. त्यापलीकडे सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांमधला तापलेला वायू. त्यापलीकडे आपल्या आकाशगंगेभोवतीचं तप्त वायूचं वलय. त्याच्याही पलीकडे सगळ्या आकाशभर पसरलेली लांबच्या कृष्णविवरांची ठिपक्या-ठिपक्यांची चमक. एवढे थर वजा झाले की मग कुठे तंतू.

यंत्राचा स्वतःचा गोंधळ वेगळाच. ‘चंद्रा’ दुर्बीण पृथ्वीपासून आपल्या चंद्राच्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत दूर जाते, एक्सएमएमची कक्षाही तशीच लांबट. तिथे मधूनमधून प्रोटॉनचे लोट येतात आणि यंत्रावर क्ष-किरणांसारखीच नोंद उठवतात. असे तास सरळ फेकून द्यावे लागतात. कष्टाने मिळालेल्या निरीक्षणातला मोठा तुकडा गमवायचा, पण इलाज नाही. शिरोलीच्या दादांनी चकती नीट घासण्याबद्दल लिहिलं, ते इथेही लागू.

आता निकाल. नरतुरंग तारकासमूहाच्या दिशेला शॅपली महासमूह आहे, आठ हजारांहून जास्त दीर्घिका असलेला. त्यातल्या चार समूहांना जोडणारा तंतू २०२५ मध्ये मोजला गेला, एका टोकाला दोन समूह आणि दुसऱ्या टोकाला दोन. लांबी २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं, तापमान १ कोटी अंशांच्या वर, वस्तुमान आपल्या आकाशगंगेच्या दहापट. यात दोन दुर्बिणींनी कामं वाटून घेतली. सुझाकू पृथ्वीच्या जवळून, चुंबकीय क्षेत्राच्या आडोशात फिरायची, त्यामुळे तिच्यात गोंधळ कमी. पसरट, पुसट चमक तिने टिपली. पण तिची नजर बोथट, ठिपके वेगळे करता येत नाहीत. एक्सएमएमची नजर तीक्ष्ण, म्हणून तंतूच्या आत लपलेली कृष्णविवरं तिने एकेक करून दाखवली आणि ती वजा केली गेली. उरलं त्याचं तापमान आणि घनता संगणकातल्या विश्वाशी जुळली. पुसट पट्टा दिसण्यापेक्षा हे जुळणं मला जास्त वजनदार वाटतं.

तंतू याआधीही दिसले होते. २००८ मध्ये एबल २२२ आणि एबल २२३ या समूहांमधला तंतू एक्सएमएमने दाखवला. तो जवळपास आपल्याकडे टोक करून आहे, त्यामुळे त्याची सगळी चमक एका रेषेत साचते आणि दिसायला सोपा जातो. २०२० मध्ये ‘इरोझिटा’ या क्ष-किरण दुर्बिणीने एबल ३३९१ आणि ३३९५ या समूहांभोवती ५ कोटी प्रकाशवर्षांचा तंतू दाखवला. पण आतले ठिपके इतक्या काटेकोरपणे काढून मिळालेलं तंतूचं तापमान शॅपलीच्या कामात मिळालं, म्हणून मी त्यावर भर दिला.

शास्त्रीनगर_७

वजाबाकीचं हे सगळं पहिल्यांदा वाचतोय. माझं समाधान झालं. एक्सएमएमची नजर तीक्ष्ण कशामुळे तेही सांगा. क्ष-किरण तर आरशातून आरपार जायला हवेत.

उल्का_करवीर

समोरून आले तर आरशात घुसतात, जवळपास समांतर घासून आले तर परावर्तित होतात. म्हणून इथला आरसा ताटलीसारखा नसतो, नळकांड्यासारखा असतो, आणि किरण त्याच्या आतल्या भिंतीला घासून पुढे एकत्र येतात. एका नळकांड्यात फार थोडे किरण सापडतात, म्हणून एकात एक नळकांडी बसवतात. एक्सएमएमच्या तीन दुर्बिणींत प्रत्येकी ५८ नळकांडी आहेत, आतून सोन्याचा मुलामा दिलेली. चंद्रात चारच जोड्या आहेत, इरिडियमचा मुलामा, पण त्यांचा पृष्ठभाग अतोनात गुळगुळीत. म्हणून बारकाव्यात तिला आजही तोड नाही. दोन्ही १९९९ मध्ये गेल्या, अजून काम करताहेत. चंद्राचं नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून आहे हे बहुतेकांना ठाऊक असेलच.

रंकाळा_वारा

वायू स्थिर असतो की वाहतो? तेही मोजता येतं का?

उल्का_करवीर

येतं, आणि त्यामागे एक चटका लावणारी गोष्ट आहे. जपानची ‘हितोमी’ दुर्बीण १७ फेब्रुवारी २०१६ ला गेली. तिच्यावरचं यंत्र शून्य केल्विनच्या वर फक्त ०.०५ अंशावर ठेवलं होतं. एकेक क्ष-किरण त्यावर पडला की यंत्र किंचित तापतं, आणि त्या तापण्यावरून किरणाची ऊर्जा कळते. हितोमीने ययाती समूह बघितला. लोखंडाच्या रेषेची रुंदी मोजून वायूतल्या खळबळीचा वेग काढला, सेकंदाला १६४ किलोमीटर. मधे एवढं खवळलेलं कृष्णविवर असून वायू अपेक्षेपेक्षा शांत निघाला. २६ मार्चला दिशा सांभाळणारी यंत्रणा बिघडली, दुर्बीण गरगर फिरत तुटली. एवढ्या थोड्या दिवसांत हाती आलेल्या त्या निरीक्षणाने पुढची कितीतरी गणितं बदलली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्या जागी ‘क्रिझम’ गेली. तिच्या यंत्रासमोरचं संरक्षक झाकण उघडलेलं नाही, त्यामुळे कमी ऊर्जेचे किरण अडतात, पण लोखंडाची रेषा व्यवस्थित येते आणि एकामागून एक समूहांतल्या वायूचे वेग मिळताहेत.

एमएस्सी_भाग_दोन

ताई, मी इथेच विद्यापीठात एमएस्सी करतोय. दोन प्रश्न. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने हे होईल का? आणि माझ्यासारख्याला घरी बसून काही करता येईल का?

पुणेकर_मूळचा_कसबा_बावडा

पहिल्याचं मी सांगतो. ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्यावरची मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनली, तीही घासून येणाऱ्या किरणांच्याच तत्त्वावर. तिची मुख्य कामगिरी कृष्णविवरं, न्यूट्रॉन तारे अशा तेजस्वी स्रोतांवर. तंतूंसाठी खूप जास्त क्षेत्रफळाचे आरसे लागतात. युरोपची ‘न्यूअथेना’ ही क्ष-किरण दुर्बीण २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोडायचा बेत आहे, ती या कामाला योग्य ठरेल.

उल्का_करवीर

दुसऱ्याचं उत्तर हो, आणि आजपासून. ‘चंद्रा’ दुर्बिणीची जुनी निरीक्षणं कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. चित्र बघायला ‘डीएस९’ आणि विश्लेषणाला ‘चाओ’, दोन्ही मोफत आहेत. चाओला लिनक्स किंवा मॅक लागतं. तंतूपासून सुरुवात करू नकोस, ययाती समूह घे. ०.५ ते ७ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढीच ऊर्जा ठेव आणि चित्र थोडं गुळगुळीत कर. मधल्या दीर्घिकेच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पोकळ्या पहिल्याच बैठकीत दिसतील. मग ‘वेव्हडिटेक्ट’ने ठिपके शोधून झाक, समूहाभोवती कडी आखून प्रत्येक कड्याचा वर्णपट काढ, आणि लोखंडाची रेषा बाहेर जाताना कशी बदलते ते बघ. मधल्या कड्यांत पार्श्वभूमीचा फारसा त्रास नाही. कडेच्या कड्यांत मात्र ती वजा केल्याशिवाय एकाही आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यासाठीच्या फाइली चाओच्या कॅलिब्रेशन संचात ‘ब्लँक स्काय’ या नावाने मिळतात. अडलास तर इथेच लिही, वर्णपट जोडायला विसरू नकोस.